आहाराची मात्रा

गढ़ा हा आज जबलपूर शहराचाच एक भाग असला, तरी एके काळी तो गोंड राज्याचे मुख्य ठाणे होता आणि गढ़ा-मंडला या जोडनावाने ओळखले जाणारे ते राज्य नर्मदेच्या दोन्ही काठांवर पसरलेले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश मराठ्यांच्या अंमलाखाली आला आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे गेला. मराठ्यांच्या अंमलापासून जबलपुरात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. याच गढ़ा परिसरात, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आरोग्याशी संबंधित दोन मोठ्या संस्था उभ्या आहेत. एक म्हणजे 1955 मध्ये स्थापन झालेले आणि आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव असलेले वैद्यकीय महाविद्यालय, आणि दुसरी म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 1984 मध्ये आदिवासींच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी सुरू केलेले संशोधन केंद्र, जे आता राष्ट्रीय जनजाती आरोग्य अनुसंधान संस्थान या नावाने ओळखले जाते. या दोन संस्थांच्या कामामुळे आहाराचा प्रश्न गढ़्यात दोन टोकांनी समोर येतो. एका टोकाला वजन, साखर आणि रक्तदाब वाढलेला, बैठ्या कामाचा शहरी माणूस असतो. दुसऱ्या टोकाला मंडला-दिंडोरीच्या डोंगराळ भागातले, वर्षातले काही महिने पुरेसे अन्न न मिळणारे गोंड किंवा बैगा कुटुंब असते.

या दोघांनाही काय खावे आणि काय टाळावे याचा सल्ला दिला जातो, पण त्या सल्ल्याच्या सुरक्षिततेची चौकशी फार कमी वेळा होते. औषधाची गोळी घेण्यापूर्वी तिचे दुष्परिणाम विचारणारा माणूस आहारपद्धती मात्र निर्धास्तपणे उचलतो, कारण अन्न हे नेहमीचेच आहे आणि त्यातून कसला अपाय होणार, असा त्याचा समज असतो. हा समज बरोबर नाही. कोणताही आहार सुरक्षित की घातक, याचे उत्तर त्या पदार्थाकडे एकट्याने पाहून मिळत नाही. तो किती प्रमाणात, किती काळ, कोणत्या शरीरात आणि कोणत्या औषधाच्या जोडीने घेतला जातो, यावर ते अवलंबून असते. लोकप्रिय आहारपद्धती हजारो अनोळखी लोकांना एकाच वेळी सांगितली जाते, तर वैद्यकीय पथ्य समोर बसलेल्या एका माणसाला सांगितले जाणे अपेक्षित असते, आणि आहारातले बहुतेक अपघात नेमके या दोहोंमधल्या अंतरात घडतात.

प्रमाण आणि काळ यांचे महत्त्व दाखवणारे एक जुने आणि अत्यंत दुःखद उदाहरण याच प्रदेशातले आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला आणि जबलपुरात दीर्घकाळ काम केलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने 1844 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथात सागर भागातल्या एका गावाची हकिकत नोंदवली आहे. तेथे 1829 मध्ये गारपिटीने गहू गेला, 1830 मध्ये पाऊस वेळेवर पडला नाही आणि 1831 मध्ये पिकावर रोग पडला. या तीन वर्षांत एकच पीक तरारून आले, ते म्हणजे तिवरा, अर्थात विदर्भात ज्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात ते कडधान्य, आणि लोकांनी त्यावरच गुजराण केली. 1833 पासून गावातल्या तरुण मुलामुलींचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले आणि पुढच्या वर्षाअखेर त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना ही बाधा झाली होती. या विकाराला आज लॅथिरिझम म्हणतात. लाखोळीत असणारे ओडॅप नावाचे अमिनो आम्ल मज्जासंस्थेतल्या, विशेषतः पायांचे स्नायू चालवणाऱ्या पेशींना इजा करते. पाय ताठर होतात, माणूस चवड्यांवर, काठीच्या आधाराने चालू लागतो, आणि एकदा झालेली ही हानी भरून येत नाही.

या डाळीचा इतिहास आहाराच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्याने बारकाईने वाचावा असा आहे. भात, गहू, ज्वारी यांच्या जोडीने अधूनमधून लाखोळीचे वरण खाणाऱ्या पिढ्यान्पिढ्या विदर्भात आणि छत्तीसगडात होऊन गेल्या आणि त्यांना काही झाले नाही. जेथे तीच डाळ काही महिने रोजच्या अन्नाचा मोठा हिस्सा बनली, तेथे माणसे पंगू झाली. दुष्काळात ही वेळ निसर्गाने आणली, तर रीवा भागात शेतमजुरांना मजुरी म्हणून लाखोळीच देण्याच्या प्रथेने ती आणली. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, 2008 मध्ये महाराष्ट्राने ती उठवली, दरम्यान कृषिशास्त्रज्ञांनी ओडॅपचे प्रमाण कमी असलेले वाण तयार केले, आणि डाळ भिजवून ते पाणी फेकून दिल्यास विषारी अंशाचा बराच भाग निघून जातो हेही सिद्ध झाले. बंदी योग्य होती की अयोग्य यावर आजही मतभेद आहेत, पण एक गोष्ट निर्विवाद आहे: ज्या ताटात एकाच पदार्थाला राज्य दिले जाते, ते ताट धोक्याचे असते. आठवडाभर फक्त फळे, महिनाभर फक्त रस, केवळ मांस किंवा केवळ कोबीचे सूप सांगणाऱ्या आहारपद्धतींना हेच लागू पडते, फरक एवढाच की सागरच्या त्या गावकऱ्यांपुढे दुसरा पर्याय नव्हता.

गढ़्याच्या संशोधन केंद्राने मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानी गावात केलेले काम याच्या उलट बाजूचे, म्हणजे आहार उपाय म्हणून कसा वापरावा याचे उदाहरण आहे. गावात पिण्यासाठी हातपंप आले, लोक विहिरी-झऱ्यांऐवजी जमिनीच्या पोटातले पाणी पिऊ लागले, आणि काही वर्षांत लहान मुलांचे पाय गुडघ्यांत आत वळू लागले. त्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण भारतीय मानकाने दिलेल्या, एका लिटरला जास्तीत जास्त 1.5 मिलिग्रॅम या मर्यादेच्या अनेक पट होते. फ्लोराइड हाडांत जाऊन बसते आणि ज्या मुलाच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्याच्या वाढत्या हाडांना ते अधिक वाकवते; म्हणूनच तेच पाणी पिणाऱ्या दोन गावांत विकृतीचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. संशोधकांनी सुरक्षित पाण्याचा आग्रह धरला, आणि त्याच्या जोडीने कॅल्शियम, लोह व क जीवनसत्त्व देणारे पदार्थ वाढवायला सांगितले. हे पदार्थ सुचवताना त्यांनी बाजारातल्या डब्यांकडे बोट दाखवले नाही, तर गावाच्या बांधावर आपोआप उगवणाऱ्या चकोडा भाजीला त्यात महत्त्वाचे स्थान दिले. चकोडा म्हणजे कोकणातला टाकळा आणि विदर्भातला तरोटा. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रस्त्याच्या कडेला उगवणारी, रात्री पाने मिटून घेणारी ही रानभाजी कोवळी असतानाच खुडायची असते, कारण फुले आली की पाने जून होऊन उग्र लागतात. ती फुकट मिळते, तिची चव ठाऊक असते, ती रांधण्याची रीत घरच्या बाईला शिकवावी लागत नाही. ज्या सल्ल्यासाठी माणसाला आपले गाव, आपली ऐपत आणि आपली चूल बदलावी लागते तो चार दिवसांत सुटतो, हे अनेक मोठ्या पोषण योजनांना उमगलेले नाही. तिलईपानीत ते उमगले होते.

पथ्यालाही मात्रा असते आणि ती चुकली तर अन्नानेच जीव जाऊ शकतो, हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते अतितीव्र कुपोषित मुलांच्या उपचारात. मध्य प्रदेशात जागोजागी चालणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रांत असे मूल आणले जाते, तेव्हा सोबतच्या आजीला किंवा आईला साहजिकच वाटते की आता त्याला पोटभर खाऊ घालावे. डॉक्टर नेमके ते करू देत नाहीत. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराने आपला कारभार आवरून घेतलेला असतो. पेशींतले पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट ही खनिजे आटलेली असतात. अशा शरीरात एकदम भरपूर पिष्टमय अन्न गेले की इन्शुलिन वाढते, रक्तात उरलेले फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडते किंवा श्वास थकतो. या प्रकाराला पुनर्पोषण विकार असे म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या अनेक कैद्यांचा मृत्यू भरपेट अन्न मिळाल्यानंतर झाला, तो याचमुळे.

म्हणून केंद्रातला पहिला आहार मुद्दाम सौम्य ठेवला जातो. भारतीय पद्धतीत तो स्वयंपाकघरातल्याच वस्तूंनी बनतो: 300 मिलिलिटर गायीचे दूध, 100 ग्रॅम साखर, 20 मिलिलिटर खाद्यतेल, आणि एकूण एक लिटर होईल इतके पाणी. या मिश्रणाच्या 100 मिलिलिटरमधून सुमारे 75 किलोकॅलरी ऊर्जा आणि एक ग्रॅमहूनही कमी प्रथिन मिळते, आणि सुरुवातीला ते दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून पाजले जाते. मुलाची भूक परत आली, सूज उतरली की मग दूध तिपटीने वाढवलेला दुसरा आहार सुरू होतो, ज्यातून तेवढ्याच मापात 100 किलोकॅलरी आणि जवळजवळ तीन ग्रॅम प्रथिन मिळते. लोहाचे औषधसुद्धा पहिल्या टप्प्यात दिले जात नाही, कारण जंतुसंसर्ग असलेल्या मुलाला ते अपायकारक ठरू शकते. रक्तक्षय डोळ्यांना दिसत असताना लोह थांबवून ठेवणे आणि भुकेल्या मुलाला पातळ दूध मोजून देणे, यातून वैद्यकीय पथ्याची खरी शिस्त कळते: योग्य पदार्थही योग्य वेळेआधी दिला तर अयोग्य ठरतो.

शहरी टोकाला वळले की प्रश्नाचे रूप पालटते. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही, आहाराविषयी जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या आरोग्यविषयावर झाली असेल. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या विचाराच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवण्याची आणि रोज 45 मिनिटे चालण्याची पद्धत लोकप्रिय केली. वारंवार खाल्ल्याने इन्शुलिन वारंवार स्रवते आणि ते टाळले तर वजन व मधुमेह आटोक्यात येतो, असा तिचा युक्तिवाद आहे. याउलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोडे थोडे, थोड्या थोड्या वेळाने, आणि स्थानिक, हंगामी, पारंपरिक अन्न खाण्याचा पुरस्कार केला, आणि तूप, भात, केळे यांच्याविषयीची धास्ती कमी केली. दोन्ही पद्धतींचे चाहते एकमेकांशी हिरिरीने वाद घालतात. प्रत्यक्षात दोहोंमध्ये एक समान, चांगला भाग आहे, तो म्हणजे चहासोबतची बिस्किटे, फरसाण, गोड पेये आणि रात्री उशिराचे चरणे दोन्हीकडे बंद होते. जेवणाच्या वेळा आखडून घेण्याच्या पद्धतीवर चीनमधल्या ग्वांगझू येथे 139 लठ्ठ व्यक्तींवर बारा महिने झालेला आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सुचवतो: एकूण कॅलरी सारख्याच कमी केल्या, तर वेळेच्या बंधनाने वजनात लक्षणीय जास्तीची घट झाली नाही. ज्याला वेळेची शिस्त सोपी वाटते त्याने ती पाळावी, ज्याला मोजून खाणे जमते त्याने मोजावे.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र या वादात बाजूलाच राहतो. दोन वेळा जेवण्याची पद्धत निरोगी, मध्यमवयीन, वजन वाढलेल्या माणसाला सहसा अपाय करत नाही. पण तो माणूस मधुमेही असेल आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड गटातली गोळी घेत असेल, तर ती गोळी अन्न आले आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडातून इन्शुलिन बाहेर काढत राहते; नेहमीच्या वेळी नाश्ता पोटात गेला नाही की साखर उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे अडखळते, आणि वयस्क माणूस घरात एकटा असेल तर बेशुद्धही पडतो. इन्शुलिनच्या इंजेक्शनाचे तसेच आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी असतो. म्हणजे शेजारी राहणाऱ्या दोन मधुमेही माणसांनी एकच आहार एकाच दिवशी सुरू केला, तर एकाचे भले होऊ शकते आणि दुसऱ्याला रुग्णालयात न्यावे लागू शकते. फरक त्यांच्या ताटात नसून गोळ्यांच्या पाकिटात असतो. डॉ. दीक्षित यांच्या पद्धतीतही अठरा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा स्त्रिया आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले रुग्ण यांना ती लागू नाही असे सांगितलेले आहे, पण मोबाइलवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत हा अपवादांचा भागच सर्वांत आधी गळून पडतो.

आहाराने मधुमेह मागे हटू शकतो, हे सिद्ध करणारा ब्रिटनमधला डायरेक्ट हा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. 2017 मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. 306 रुग्णांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे 850 किलोकॅलरींचा द्रव आहार देण्यात आला आणि वर्षअखेर त्यांच्यातल्या 46 टक्के रुग्णांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. हा आकडा सर्वत्र गाजला. ज्याची चर्चा झाली नाही ती गोष्ट अशी, की या रुग्णांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे आहार सुरू झाला त्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवली होती आणि त्यानंतर नियमित तपासणी चालू होती. कमी खाल्ल्याने रक्तदाबही उतरतो, आणि जुनी गोळी तशीच चालू राहिली तर उठून उभे राहताना चक्कर येऊन माणूस पडतो. घरी तोच आहार करून पाहणारा माणूस अभ्यासातला निम्मा भाग, म्हणजे अन्न कमी करणे, तेवढा उचलतो आणि देखरेखीचा निम्मा भाग सोडून देतो.

किटो आहाराची कथाही अशीच आहे. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा हा आहार 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मार, म्हणजे फिट येण्याच्या विकारासाठी सुचवला, आणि औषधांना न जुमानणाऱ्या मुलांच्या फिटसाठी तो आजही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरला जातो. त्यातून रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ वाढतात, आणि तेच अपेक्षित असते. परंतु डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या औषधांसोबत हाच आहार किंवा लांबलेला उपवास केला, तर कीटोनचे प्रमाण धोक्याच्या पातळीला पोहोचू शकते, आणि फसवी गोष्ट ही की त्या वेळी रक्तातली साखर फारशी वाढलेली नसते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2015 मध्ये याविषयी इशारा दिला. मळमळ, उलटी, पोटदुखी आणि धाप ही त्याची लक्षणे माणूस उपासाचे पित्त समजून अंगावर काढतो.

प्रथिनांच्या नावाखाली झालेला एक मोठा अपघातही येथे सांगितला पाहिजे. 1976 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने केवळ द्रव प्रथिनावर राहून वजन उतरवण्याचा आहार लोकप्रिय केला. ते प्रथिन जनावरांची कातडी आणि स्नायुबंध यांपासून काढलेले, निकृष्ट दर्जाचे होते, आणि तो आहार घेणाऱ्या सुमारे 60 लोकांचे मृत्यू नोंदले गेले. त्यांतले बरेच जण तरुण होते आणि हृदयाची लय अचानक बिघडून गेले. आपल्याकडे व्यायामशाळांतून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांची जातकुळी वेगळी आहे, तरी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा पूरक भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे, आणि डाळ-तांदूळ, दूध, अंडी यांतून निरोगी माणसाची गरज भागते असे म्हटले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या विषयात मोलाची भर घातली आहे. 2004 मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचे छायाचित्र व मोजमापे प्रसिद्ध केली: दोघांचाही उंचीशी वजनाचे नाते दाखवणारा निर्देशांक 22.3, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि भारतीय डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून स्थूल आणि स्नायूंनी दुबळा असू शकतो, हे यातून पटते. अशा माणसाने झटपट वजन उतरवणारा आहार केला तर काट्यावर दिसणाऱ्या घटीत स्नायूंचाही वाटा असतो, आणि स्नायूच तर जेवणातली साखर सर्वाधिक वापरतात. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासात बहुसंख्य गरोदर स्त्रियांत ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. दूध-दह्याचे प्रमाण कमी असलेला शाकाहार हे तिचे मुख्य कारण आहे, आणि दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन ही कमतरता वाढवते. त्यामुळे दूधसुद्धा सोडून केवळ वनस्पतिजन्य आहाराकडे वळणाऱ्या मधुमेही माणसाने ब-12 ची तपासणी करून घेतली नाही, तर पायांना येणाऱ्या मुंग्या साखरेच्या की जीवनसत्त्वाच्या, हे ओळखण्यात वर्षे जातात.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर आरोग्यदायी म्हणून नावाजलेले पदार्थच सर्वांत जास्त अपाय करतात. नारळपाणी, फळांचे रस, टोमॅटोचे सार यांत पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते, पण निकामी होत चाललेले मूत्रपिंड टाकू शकत नाही, आणि रक्तात साचलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठही असेच असते, कारण त्यातल्या सोडियमची जागा पोटॅशियमने भरलेली असते. रुग्णाच्या उशाशी शहाळे घेऊन येणाऱ्या नातेवाइकांचा हेतू प्रेमाचाच असतो, तरी डायलिसिसच्या रुग्णाजवळ ते नेण्यापूर्वी विचारणे आवश्यक आहे.

काही धोके तर पदार्थातच दडलेले असतात आणि आहाराच्या लाटेबरोबर ते अधिक घरांत पोहोचतात. दुधीच्या कच्च्या रसाची लाट आली तेव्हा कडू रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या आणि मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू लागलेला रस एक घोटही पिऊ नये असे बजावले. दुधी-काकडीच्या कुळात क्वचित वाढणारी कुकुरबिटासिन ही कडू द्रव्ये त्याला कारणीभूत असतात. भाजी चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून पाहण्याची मराठी स्वयंपाकघरातली सवय या धोक्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि मिक्सरमध्ये आवळा, पुदिना, लिंबू घालून रस काढताना नेमकी तीच सवय सुटते. महाशिवरात्रीला किंवा नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वारंवार येतात, त्यामागे दमट जागी साठवलेल्या धान्यावर वाढणारी बुरशी असते. कोदो या भरडधान्याचेही तसेच. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि दिंडोरी-मंडल्याची कोदो-कुटकी शहरी दुकानांत आली, हे चांगलेच झाले. पण ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस जबलपूरपासून दूर नसलेल्या बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती बुरशी लागलेला कोदो खाऊन मेले, आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष सापडले. हेच विष माणसांना कोदो चढण्यामागे, म्हणजे तो खाऊन गुंगी येण्यामागे, असते, हे भारतीय शास्त्रज्ञांनी 1985 मध्येच दाखवून दिले होते. ओल लागलेला कोदो माणसाला गुंगवतो हे येथील शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. पाकिटातून कोदो घेणाऱ्या शहरी ग्राहकाला ते सांगितले जात नाही.

उपवासाविषयी बोलताना सिकलसेल या आजाराचा विचार मध्य भारतात आणि विदर्भात टाळता येत नाही. या आनुवंशिक रक्तदोषात शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि असह्य वेदना सुरू होतात. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सुरू झाले. अशा रुग्णाने निर्जळी उपवास करणे, किंवा शरीरशुद्धीच्या नावाखाली जुलाब घडवणारा आहार घेणे, म्हणजे ओढवून घेतलेले संकट असते.

वैद्यकीय सल्लाही या परीक्षेतून सुटत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक मधुमेह्याच्या हाती तोच छापील तक्ता दिला जातो, मग तो माणूस भात खाणारा असो की ज्वारी, सकाळी सहाला कामावर जाणारा असो की रात्रपाळीचा, आणि त्याला मूत्रपिंडाचा त्रास असो की नसो. असा तक्ता म्हणजे डॉक्टरांच्या सहीचा लोकप्रिय आहारच होय. म्हातारपणी मीठ, साखर, तेल, प्रथिन अशी एकेक बंदी वेगवेगळ्या डॉक्टरांकडून गोळा होत जाते आणि अखेर रुग्णाला खाण्यासारखे काही उरत नाही, वजन घटते, आणि ही घट आजाराच्या खाती जमा होते. जुने पथ्य कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी सांगितले होते, हे दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

नवीन आहार सुरू करू इच्छिणाऱ्या वाचकाने त्याआधी चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांसमोर ठेवावीत, यांतली कोणती कमी करायची आणि साखर, रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन व ब-12 कधी तपासायचे हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे, आणि हे उत्तर मिळेपर्यंत रोजचे, घरचे, चौरस जेवण चालू ठेवावे.